दादर-माटुंगा वसाहतीची वास्तुरचना : एक परीक्षण

मुंबई बेटाच्या उत्तर भागांत, दादर व माटुंगा या जुन्या गांवांच्या शेतांवर व बागाइतांवर, पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान जी मोठी वसाहत उभी राहिली ती बऱ्याच अंशीं अद्याप उभी आहे, आणि कदाचित् म्हणूनच ती कोणास इतिहासाचें साधन वाटत नाहीं. ताम्रपट नांगराला लागावा, दप्तराला कसर लागलेली असावी, म्हणजे संशोधकाचें चित्त वेधतें; ज्या जिन्यानें दूधवाला रोज चढतो तो जिना साधन कसा होणार? अलीकडे या वसाहतीचें कौतुक होऊं लागलें आहे हें खरें. परंतु तें बहुतेक इमारतींच्या तोंडावरील नक्षीचें, जाळ्यांचें व वाटोळ्या सज्जांचें आहे. पोथीच्या वेष्टनाची वाखाणणी करून पोथी न उघडतां परत ठेवावी, त्यांतलाच हा प्रकार. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, ही वसाहत तोंडावरून वाचली तर चुकीची वाचली जाते. तिचा खरा कर्ता कोणी वास्तुकार नाहीं. भाडेपट्ट्यांतील अटी व उजेडाचा एक कोन यांनीं ती घडविली आहे. आणि आज तेथें जें मोडत आहे तेंहि नक्षीपेक्षां अधिक मोलाचें आहे.

प्रथम कालनिर्णय पाहूं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. १८९८ च्या कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिच्यापुढें ग्लासगो शहरांतील तशाच संस्थेचा कित्ता होता. दाट वस्तींतून रुंद रस्ते फोडावयाचे व त्यामुळें उठलेल्या आणि पुढें वाढणाऱ्या लोकसंख्येकरितां उत्तरेस मोकळ्या जमिनी तयार करावयाच्या, असें तिचें दुहेरी काम होतें. या दुसऱ्या कामांतील पांचवी योजना दादर-माटुंग्याची व सहावी शीव-माटुंग्याची. दादरच्या योजनेचा आरंभ १८९९-१९०० चा असून दादर-माटुंगा भागांत ६०,००० लोकांची सोय व्हावी असा अंदाज धरला होता. जमिनी घेणें, खाचरें भरणें, रस्ते आखणें यांत पुष्कळ वर्षें गेलीं, आणि घरांची खरी गर्दी १९१८ नंतर, विशेषतः १९२० ते १९४० या वीस वर्षांत झाली. ट्रस्ट १९३३ सालीं म्युनिसिपालिटींत विलीन झाला.

हा क्रम लक्षांत ठेवला म्हणजे एक प्रचलित समज पारखून घेतां येतो. ही वसाहत इंग्लंडांतील उद्यान-उपनगरांची नक्कल होय, आणि बाग असलेल्या बंगल्यांऐवजीं मजल्यांचीं घरें झालीं म्हणून ती फसलेली नक्कल होय, असें पुष्कळदां म्हटलें जातें. एबेनेझर हॉवर्ड यांचा उद्यान-नगरीवरील ग्रंथ १८९८ चा. लेचवर्थची उभारणी १९०३ ची. हॅम्पस्टेडचें उद्यान-उपनगर १९०७ चें. म्हणजे दादरची योजना जाहीर झाली तेव्हां ज्याची नक्कल करावयाची तें इंग्लंडांतहि विटामातींत उतरलें नव्हतें. पुढें आखणी पक्की होतांना वर्तुळाकार चौक व मध्यें सोडलेल्या बागा यांत तिकडील कागदांची छाया पडली असेल, एवढें मान्य करावें. याहून अधिक नाहीं. शिवाय अंतर्रचना पाहिली म्हणजे साम्य आणखी विरळ होतें. तिकडे रेमंड अन्विन यांच्या मतें एकरीं बारा घरें हें प्रमाण योग्य. लंडन कौंटी कौन्सिलनें १९२१ ते १९३५ या काळांत बेकनट्री येथें पंचवीस हजारांहून अधिक घरें बांधलीं तीं याच वळणाचीं, बहुतेक दुमजलीं, प्रत्येकास आपलें दार व आपला मळा. दादरला एका जोत्यावर सहा, आठ, कधीं बारा बिऱ्हाडें एकावर एक. ही चूक म्हणून झालेली नसून निराळीच जात आहे. इतिहासकार निखिल राव यांनीं २०१३ सालच्या आपल्या ग्रंथांत हा भेद उत्तम दाखविला आहे. बागेवांचून घर, हाच त्यांच्या ग्रंथनामाचा आशय.

आतां मूळ संहितेकडे वळूं. ट्रस्ट भूखंड विकत नसे. ते दीर्घ मुदतीच्या, ९९ किंवा ९९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्यानें देई. जमिनीची मालकी हातीं राहिल्यामुळें घर कसें बांधावें याविषयीं अटी घालण्याचा अधिकारहि हातीं राहिला. या अटींमागें जो विचार होता त्याचें सर्वांत नेमकें रूप म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा (६३॥) कोन. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर जें विवेचन केलें त्यांत या कोनाचा पुरस्कार आहे, व पुढें बांधकामाच्या नियमांत तो रूढ झाला. नियम सोपा आहे. समोरील इमारतीच्या माथ्यापासून आपल्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेषा ओढावी. ती जमिनीशीं ६३॥ अंशांहून अधिक उभी असतां कामा नये. हाच अंक कां, असें कोणी विचारील. या कोनाची चढ एकास दोन पडते, म्हणजे मोकळी जागा समोरील उंचीच्या निम्मी असावी लागते. चाळीस फूट उंच भिंतीसमोर वीस फूट रिकामे. साठ फुटांसमोर तीस. गवंड्यालाहि दोरीनें मोजतां यावें असें हें माप आहे. प्लेगाच्या भयांतून निघालेलें वैद्यकाचें एक मत भूमितीच्या एका रेषेंत कसें बसविलें गेलें, याचें इतकें स्वच्छ उदाहरण मुंबईच्या इतिहासांत दुसरें क्वचितच मिळेल.

या एका रेषेनें वसाहतीचा सारा चेहरा ठरला. प्रत्येक इमारत आपल्या भूखंडाच्या मध्यभागीं उभी राहिली. चारी बाजूंस मोकळा पट्टा. तळमजला धरून तीन-चार मजल्यांवर उंची थांबली. शेजाऱ्यांचे माथे जवळजवळ एका पातळींत आले. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या वाड्याची आठवण येथें उपयोगी पडते. वाडा रस्त्यास पाठ दाखवितो आणि आपलें आकाश पोटांत, चौकांत, ठेवतो. दादरच्या घरानें तो चौक उलटा करून बाहेर काढला आणि त्याचे चार तुकडे करून चोहोंकडे वांटले. वाड्यांतील आकाश एका कुळाचें असे. येथें दोन इमारतींमधील आकाश दोघांचें मिळून असतें, आणि एकानें आपल्या बाजूस लोभ केला तर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत भरदुपारीं दिवा लावावा लागतो. या सामाईकपणांत या वास्तूचा खरा गुण आहे असें मला वाटतें. छायाचित्रांत मात्र तो येत नाहीं, कारण छायाचित्रांत इमारत येते, दोन इमारतींमधील पोकळी येत नाहीं.

संहिता एक ठरली म्हणजे पाठभेदांस जोर येतो. दर्शनी भिंती हे असे पाठभेद होत. आधींच्या घरांतून विटांच्या जाड भिंती, सागवानी जिने, लोखंडी तुळया व खांबांवर टेकलेल्या गॅलऱ्या दिसतात. दोन-तीन दशकांत सिमेंट-काँक्रीट सर्रास झालें. इंडियन काँक्रीट जर्नल १९२७ सालीं निघूं लागलें, व १९३६ सालीं दहा कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी बनली, एवढ्यावरून त्या धंद्याची चाल समजते. काँक्रीटमुळें खांबावांचून सज्जा पुढें काढतां आला, कोपरा वाटोळा करतां आला, खिडकीवर भुवईसारखा पातळ छज्जा ओढतां आला. हा छज्जा शोभेचा वाटतो, पण मृगाच्या पावसांत खिडकी उघडी ठेवून बसणाराला त्याचें प्रयोजन सांगावें लागत नाहीं. जिन्याच्या उभ्या पट्टींत कांचा, फाटकाच्या जाळींत उगवता सूर्य किंवा लाटा, माथ्यावर चुन्यांत उठविलेलें इमारतीचें नांव व कधीं वर्ष, असा हा परिवार आहे. त्यास आज 'आर्ट डेको' म्हणतात. ही संज्ञा १९२५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनाच्या नांवावरून घेतलेली असली तरी रूढ झाली ती १९६८ च्या सुमारास. तेव्हां ज्यांनीं हीं घरें बांधलीं त्यांपैकीं कोणीं आपण 'डेको' बांधतों असें म्हटलें असणें शक्य नाहीं. ते त्यास 'मॉडर्न' म्हणत. मागाहूनचा शब्द पूर्वींच्या माणसाच्या तोंडीं घालण्याचा दोष आपण बखरींत पकडतों. इमारतींतहि तो पकडला पाहिजे.

नक्षीला मी तुच्छ मानीत नाहीं. मात्र समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावरील घरांशीं तुलना केली तर दादर-माटुंग्याची नक्षी पुष्कळदां हात राखून केलेली, क्वचित् कारकुनी वाटते. २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलेला मुंबईचा भाग ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्हच्या आसपासचा आहे. दादर-माटुंगा त्यांत नाहीं, आणि केवळ नक्षीचा निकष लावला तर तो निर्णय मला अन्यायाचा वाटत नाहीं. अन्याय आहे तो त्या निकषाचा.

घराच्या आंत शिरल्यावर अधिक महत्त्वाचा पुरावा मिळतो, आणि तो पाठीमागें आहे. आपल्या जुन्या घरांत ओटी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू असा क्रम. शौचकूप परसाच्या टोंकास, शक्य तितका दूर. दादरच्या ब्लॉकांत परसू उरलें नाहीं, आणि शौचकूप तर घरांतच आणावयाचा. एका कुटुंबाचा स्वतःचा, त्याच्याच दाराआडचा शौचकूप, हीच ब्लॉकाची चाळीपासूनची खूण. पुढची गॅलरी ही खूण नव्हे. जुन्या सोंवळ्याच्या कल्पनेंत हें बसवितांना नकाशा काढणारांनीं जी तडजोड केली ती मागच्या अंगास स्पष्ट वाचतां येते: स्वयंपाकघराच्या पलीकडे अरुंद सज्जा, त्याच्या टोंकास मोरी व शौचकूप, आणि पुष्कळ ठिकाणीं तेथवर जाणारा वेगळा लोखंडी चक्राकार जिना. हा जिना कोणासाठीं होता हें उघड आहे. सफाई करणाऱ्या माणसानें घरांतून न जातां मागून यावें व मागून जावें म्हणून तो होता. म्हणजे पुढील जिन्यावर सूर्यकिरणांची जाळी आणि मागील जिन्यावर जातिभेद, दोन्ही एकाच नकाशावर, एकाच हुकमानें मंजूर झालेले. जे लेख पुढील जाळीचें वर्णन करून थांबतात ते अर्धें पान वाचून थांबतात.

याच वर्षांत, याच सिमेंटनें, जवळच नायगांवास व वरळी, शिवडी, डिलाइल रोड येथें सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें २०७ चाळी बांधल्या. तेथें कुटुंबास एक खोली, शौचकूप सामाईक. काँक्रीटला कोणतीच नीति नाहीं; नकाशाला असते. दादरच्या ब्लॉकाची सुखसोय पाहतांना ही शेजारची तुलना डोळ्यांआड करणें योग्य होणार नाहीं.

त्याच दादरच्या हिंदु कॉलनींत 'राजगृह' आहे, आणि ग्रंथसंग्राहकांनीं तर त्याचा विचार अवश्य करावा. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं तें १९३० नंतर बांधविलें. १९३३ च्या सुमारास तें पुरें झालें. घर बांधण्याचें एक मुख्य कारण ग्रंथ हें होतें. पुढें तेथें पन्नास हजारांवर ग्रंथ जमले असें सांगतात. वरच्या मजल्यावर ग्रंथालय व अभ्यासिका, खालीं कुटुंबाचें बिऱ्हाड. ट्रस्टच्या नियमांनीं दिलेला उजेड व वारा येथें पुस्तकांच्या कामीं आला. याच कॉलनींत त्यांनीं 'चार मिनार' नांवाची दुसरी इमारत बांधली होती, ती १९४१ सालीं विकली. ज्या वसाहतींतील मागचे जिने वर सांगितलेल्या कारणानें बांधले गेले, त्याच वसाहतींत या गृहस्थानें आपलें घर पुढच्या दारानें उघडें केलें व पुस्तकांनीं भरलें; वास्तूवर लिहिलेला हा एक अभिप्रायच म्हणावयाचा.

कॉलनींच्या नांवांविषयीं दोन शब्द. मूळ आंखणींत जातिधर्माचे रकाने नव्हते. ते पट्ट्यांच्या वांटपांत व सहकारी संस्थांच्या रचनेंत आले. गांवदेवी येथें १९१५ सालीं श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहसंस्था झाली, तिनें नमुना घालून दिला. दादरला पारशी समाजासाठीं १०३ भूखंड राखून ठेवविले ते ट्रस्टमधीलच अभियंते मंचरजी एदलजी जोशी यांनीं. पांच बागांस त्यांचेंच नांव आहे. पारशी कॉलनीचा विशेष असा कीं, शहरांतील इतर पारशी बागांप्रमाणें तिला भोंवतीं कोट नाहीं. तिचे रस्ते सर्वांचे आहेत, आणि रस्त्याकडेच्या झाडांची निगा ही तिची मोठी मिळकत आहे. माटुंग्यास दक्षिणेकडील कुटुंबें स्थिरावलीं. १९२३ मध्यें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट तेथें आली, १९३३ मध्यें रासायनिक तंत्रज्ञानाचा विद्यापीठीय विभाग निघाला, १९३७ मध्यें रुइया कॉलेज. त्यामुळें वसाहतीला जो शिकत्या लोकांचा वास लागला तो अद्याप गेलेला नाहीं.

आतां दोष. रस्त्यांच्या आंखणींत बाजारास जागा कमी पडली. ती उणीव लोकांनीं तळमजल्यांवर दुकानें काढून भरून घेतली. काँक्रीट नवें असतां त्यांतील लोखंडावर आवरण पातळ ठेवलें गेलें. खाऱ्या हवेनें लोखंड गंजून फुगतें व सज्जांची कड खपल्या होऊन पडते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर धरलीं, त्यामुळें मालकाला दुरुस्तींत स्वारस्य उरलें नाहीं. जागेच्या टंचाईमुळें पुढच्या गॅलऱ्या कांचा लावून बंद झाल्या. या बंद गॅलऱ्यांना मी विकृति म्हणणार नाहीं. पोथींतील प्रक्षेपासारख्या त्या आहेत: मूळ पाठ झांकतात, परंतु प्रक्षेप कोणीं व कां घातला याचा पुरावाहि त्याच देतात. संसार वाढला, जागा वाढली नाहीं.

हल्लींच्या पुनर्बांधणीची गोष्ट निराळी आहे. राहणारांस मोठी व सुरक्षित जागा हवी, उद्वाहक हवा, छत गळूं नये. या मागण्या रास्त आहेत, आणि पडक्या सज्ज्याखालीं दुसऱ्यानें राहावें असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणाहि इतिहासप्रेमीस नाहीं. २०१२ सालीं शिवाजी पार्कचा परिसर वारशाच्या यादींत घालण्याची सूचना निघाली तेव्हां रहिवाशांनीं विरोध केला, तो केवळ अज्ञानानें नव्हे. माझा आक्षेप दुसरा आहे. नवी इमारत एका भूखंडापुरती मंजूर होते; जुना कोन दोन भूखंडांमध्यें होता. दोनशे फुटांच्या मनोऱ्यासमोर जुन्या हिशेबानें शंभर फूट मोकळे हवेत. सवलती घेऊन तेथें कांहीं फूटच राहतात, आणि खालीं मोटारींचे मजले येतात. मनोऱ्यांतील माणसास उजेड मिळतो. तो शेजारच्या तिमजली घरांतून काढून घेतलेला असतो. दर्शनी भिंत तेवढी राखून मागें मनोरा चढविण्याची जी युक्ति सुचविली जाते, तिच्यानें हें नुकसान रतिमात्रहि भरून येत नाहीं. उलट नक्षी वांचली या समाधानानें तें झांकलें जातें. वारसा समिति असो वा नगररचनाकार असो, त्यांनीं एकेक इमारत न तपासतां एकेक गल्ली तपासावी, आणि तपासतांना दोन घरांमधील अंतर प्रथम मोजावें, असें माझें स्पष्ट मत आहे.

संग्राहकांच्या हातीं असलेलें काम मात्र आजच करण्याजोगें आहे. इमारत पाडण्यापूर्वीं मालकाची किंवा संस्थेची कपाटें रिकामीं होतात, आणि रद्दीवाल्याकडे जें जातें त्यांत पुढील वस्तु असतात: मूळ भाडेपट्टा, त्यास जोडलेला रंगीत भूखंड-नकाशा, मंजुरीचे निळे नकाशे, संस्थेचीं सभावृत्तें, भाडेपावत्यांचीं पुस्तकें, नळ व शौचकूप पुरविणाऱ्या दुकानांच्या यादी. मंजुरीच्या नकाशावर मागचा जिना कोठें व कोणत्या नांवानें दाखविला आहे हें अवश्य पाहावें. सभावृत्तांत गॅलऱ्या बंद करण्यास परवानगी देणारे ठराव सांपडतात, त्यांच्या तारखा टिपाव्या. भूखंडाचा व योजनेचा क्रमांक कागदावरून कधीं तोडूं नये. इमारतीचें नांव बदलतें, क्रमांक बदलत नाहीं. निळे नकाशे उजेडानें फिके होतात व त्यांस क्षारहि बाधतो, म्हणून जुन्या पोथ्यांसाठीं आपण जो चुनामिश्रित कागद वेष्टनास वापरतों तो यांस वापरूं नये. साधा निराम्ल कागद घ्यावा. खळ दिलेल्या कापडावरील मूळ रेखाटनांस पाण्याचा हात लावूं नये, सुरकुती पडली असली तरी.